विजेची तीनचाकी आणि तिच्या वॅटांचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या आधीं सुमारें पंधरा दिवस, स्नानसंध्या आटोपून मी ओटीवर वर्तमानपत्र उघडून बसलों असतां, माझा एक जुना विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. हा मुलगा (मुलगा म्हणावयाचें तें माझ्या संवयीनें, वास्तविक त्याच्याच दोन मुली आतां शाळेंत जातात) आमच्या साताऱ्यांतील एका व्यापाऱ्याचा किराणा माल घरोघर पोंचविण्याचें काम करतो. पूर्वीं तो साध्या पायानें चालविण्याच्या तीनचाकीवर हें काम करी. गेल्या उन्हाळ्यांत गुडघे बोलूं लागले म्हणून त्यानें पतपेढीचें कर्ज काढलें आणि विजेच्या मोटरीची मालवाहू तीनचाकी घेतली.

“मास्तर, गाडी जळली,” तो म्हणाला.

गाडी जळली नव्हती, मोटर जळली होती. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येतांना पाठीशीं दीड-पावणेदोन क्विंटल माल होता. चढावर चाक मंदावलें, जळक्या लाखेसारखा वास आला आणि मागच्या चाकाच्या मध्यभागीं बसविलेल्या मोटरींतून धूर निघाला. दुकानदारानें मोटर पाहिली, मान हलविली आणि सांगितलें, “तुम्हीं भार फार घातला, हमी लागू नाहीं.” पतपेढीचा हप्ता मात्र लागूच होता.

त्यानें आपल्याबरोबर सारे कागद आणले होते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॅट’ असें छापलें होतें. पावतीवर ‘२५० वॅट, नोंदणी व परवाना यांची आवश्यकता नाहीं’ असें लिहिलें होतें. मोटरीला वीज पुरविणारी जी पत्र्याची डबी असते, जिला कारागीर कंट्रोलर म्हणतात, तिच्यावर ‘४८ व्होल्ट, २२ अँपिअर’ असे शब्द होते. एकच गाडी, एकच मोटर, आणि आंकडे तीन. “मास्तर, यांतला खरा कोणता?” असें त्यानें विचारलें, तेव्हां मला त्याच्या लहानपणची पाटी आठवली. मीं त्यास “चार दिवसांनीं ये” असें सांगून वेळ मागून घेतला, पुण्यास असलेल्या माझ्या इंजिनिअर पुतण्याशीं बोललों, आणि जें कळलें तें त्यालाच नव्हे, तर इतरांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें. आजकाल दूध, भाजी, गॅसच्या टाक्या, दळण, सारें विजेच्या तीनचाकीवरून आपल्या दारांत येऊं लागलें आहे. घरांतील एखाद्या होतकरू मुलानेंहि असला व्यवसाय आरंभिला असेल.

वॅट हें मूळ एका मनुष्याचें नांव. जेम्स वॅट (१७३६–१८१९) या स्कॉटिश यंत्रज्ञास आपलीं वाफेचीं यंत्रें विकावयाचीं होतीं. गिऱ्हाइकांच्या पदरीं घोडे होते. त्यांना एवढेंच समजे कीं हें यंत्र किती घोड्यांचें काम करील. म्हणून एक घोडा एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उंच उचलतो असें प्रमाण वॅटनें ठरविलें. आजच्या मापांत हें सुमारें ७४६ वॅट होतात. साधारण घोड्याला दिवसभर इतकें काम झेपत नाहीं. म्हणजे आंकडा वाढीवच होता. परंतु त्यामुळें दहा घोड्यांचें म्हणून घेतलेलें यंत्र दहांहून अधिक खऱ्या घोड्यांचें काम करी. शक्तीचें हें माप बाजारांतच जन्मलें खरें, पण त्या पहिल्या विक्रेत्यानें चूक केली ती गिऱ्हाइकाच्या पदरांत माप टाकणारी.

आतां मनुष्याचें माप घ्या. धडधाकट मनुष्य दिवसभर राबला तर सरासरीनें सुमारें ७५ वॅट शक्ति देतो. माथेरानची हातरिक्षा ज्यांनीं पाहिली असेल त्यांना आठवेल, एक मनुष्य पुढें ओढीत असतो आणि दोघे मागून रेटीत असतात. तिघांचे मिळून होतात सव्वादोनशें वॅट. अशा हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला. तेथें विजेच्या रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्येंच सुरू झाला होता. तेव्हां पावतीवरचे २५० वॅट म्हणजे कांहीं क्षुल्लक वस्तु नव्हे. तीन माणसांच्या अंगचा घाम त्यांत आहे. मात्र एक अट आहे: ते २५० वॅट सतत मिळाले पाहिजेत.

या ‘सतत’ शब्दांतच सारी मेख आहे. दिवसभर ७५ वॅट देणारा मनुष्य घटकाभर त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊं शकतो, आणि शर्यतीचा कसलेला सायकलपटु तर कांहीं सेकंद हजार वॅटांच्याहि पुढें जातो. म्हणून त्यास ‘हजार वॅटचा मनुष्य’ म्हणून कामावर ठेवाल काय? बैलबाजारांत दलाल बैलाला चारून-पाजून, शिंगें रंगवून, चार पावलें जोरानें पळवून दाखवितो. जाणता शेतकरी तें पाहतो आणि विचारतो, “नांगराला किती वेळ टिकतो?” मोटरीचेंहि तसेंच आहे. तिच्या अंगांत अमुकच वॅट आहेत असें निसर्गतः कांहीं ठरलेलें नसतें. अधिक वीज दिली कीं ती अधिक जोर करते, आणि अधिक तापते. तांब्याच्या तारेवरचें रोगण कोणत्या उष्णतेला जळतें, ही तिची खरी मर्यादा. म्हणून मोटरीची शक्ति सांगतांना ‘किती वेळ’ हें सांगितलें नाहीं तर तें वाक्य क्रियापदावांचून राहिलेलें असतें.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, आपल्या सरकारी नियमांत हें क्रियापद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ज्या विजेच्या वाहनास मोटार-वाहन समजूं नये असें म्हटलें आहे, त्याच्या मोटरीची ‘तीस मिनिटांची शक्ति’ २५० वॅटांहून कमी असली पाहिजे. वेग तासाला २५ किलोमीटरहून कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंतच असलें पाहिजे. आणि हें सारें मान्यताप्राप्त परीक्षण-संस्थेनें तपासलेलें असलें पाहिजे. अशा संस्थांपैकीं एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपल्या पुण्यासच आहे. नियम इतका स्वच्छ असतां घोटाळा कोठें होतो? तो होतो तीस मिनिटें हे शब्द गाळण्यांत.

संस्कृत शास्त्रकारांनीं ज्याला अर्धजरतीय न्याय म्हटलें आहे, त्याचा हा उत्तम नमुना होय. एकच स्त्री अर्धी वृद्ध आणि अर्धी तरुण असूं शकत नाहीं. सोयीप्रमाणें अर्धें घ्यावें व अर्धें टाकावें असें शास्त्रांत चालत नाहीं. बाजारांत मात्र चालतें. कायद्यापुढें उभी राहिली कीं मोटर २५० वॅटची गरीब गाय होते, आणि गिऱ्हाइकापुढें आली कीं तीच १००० वॅटचा खोंड होते. लबाडी एकाच दिशेची असती तर ओळखणें सोपें होतें. ही एकाच पावतीवर खालीं जाते आणि खोक्यावर वर चढते. ज्यांना १९९० च्या सुमाराचे टेपरेकॉर्डर आठवत असतील त्यांना ‘पी. एम. पी. ओ.’ हीं अक्षरेंहि आठवतील. हातांत मावणाऱ्या पेटीवर शेंकडों, क्वचित् हजारों वॅट लिहिलेले असत, आणि आवाज ऐकूं जाई तो शेजारच्या खोलीपर्यंत. तेथें नुकसान फार तर कानांचें होतें. येथें पोटाचें होतें.

नुकसान पोटापुरतेंच थांबत नाहीं, हें दिल्लीनें पाहिलें आहे. तेथें २०१० नंतर विजेच्या रिक्षा पावसाळी छत्र्यांप्रमाणें उगवल्या. मोटर २५० वॅटांच्या आंतली म्हणून नोंदणी नको, परवाना नको, विमा नको, असें सांगून त्या विकल्या गेल्या. पुढें दिल्ली सरकारनें टेरी या संस्थेकडून पाहणी करविली, तेव्हां त्यांच्या मोटरी ६५० वॅट व त्याहूनहि अधिक शक्तीच्या निघाल्या. चार-सहा माणसें बसवून उड्डाणपूल चढणारी गाडी २५० वॅटांवर चालत नसते हें कोणाहि हमालाच्या लक्षांत आलें असतें. पण आंकडा कागदावर होता आणि कागद खिशांत होता. जून २०१४ मध्यें केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं रामलीला मैदानावरील सभेंत ६५० वॅटपर्यंतच्या रिक्षांस मोटार-वाहनांतून वगळण्याची घोषणा केली. जुलैच्या अखेरीस त्रिलोकपुरी भागांत अशाच एका रिक्षाच्या धक्क्यानें आईच्या कडेवरचें लेंकरूं मिठाईच्या दुकानांतील उकळत्या पाकाच्या कढईंत पडून दगावलें. दिल्ली उच्च न्यायालयानें ३१ जुलै २०१४ रोजीं या रिक्षा बेकायदा ठरवून बंद केल्या. ऑक्टोबर २०१४ मध्यें नवे नियम आले. त्यांत २००० वॅटपर्यंतची मर्यादा घातली, प्रवासी रिक्षेस चार माणसें व ४० किलो सामान, आणि मालवाहू ई-कार्टला ३१० किलो माल अशी मुभा दिली. नोंदणी व परवाना मात्र आवश्यक केला. २०१५ च्या दुरुस्ति-कायद्यांत तर व्याख्याच ४००० वॅटपर्यंत गेली.

२५०, ६५०, २०००, ४०००. वाहन बहुतेक तेंच, रस्ते तेच, माणसेंहि तींच. आंकडा मात्र जेमतेम वर्षभरांत सोळा पट झाला. मर्यादा वाढविली यांत मला दोष दिसत नाहीं. खऱ्या आंकड्यास कायद्यांत जागा मिळाली हें बरेंच झालें. दोष आधींच्या वर्षांचा. त्या वर्षांत ज्या कोणाला या गाड्यांचा धक्का लागला असेल, त्याच्या भरपाईसाठीं विमा कोठून यावा? कागदावर तर तें वाहनच नव्हतें!

परदेशांतहि सारें सोंवळ्यांत चाललें आहे असें कोणीं समजूं नये. युरोपीय संघांत पॅडल मारतांना मदत करणाऱ्या सायकलीस २५० वॅट ‘सतत शक्ति’ व २५ किलोमीटर वेग ही मर्यादा आहे. पण सतत शक्तीचा आंकडा हा मोटरीनें निदान इतकें सोसावें अशा अर्थानें ठरतो. त्याहून अधिक सोसणाऱ्या मोटरीवर २५० ची मुद्रा मारण्यास तेथें मज्जाव नाहीं. बॉशसारख्या नामांकित कारखान्याची २५० वॅटची मोटर क्षणिक ६०० वॅट देते, आणि हें कारखाना स्वतःच उघड छापतो. जर्मनीच्या सायकल-उद्योगाच्या संघानें २०२५ मध्यें सुचविलें कीं, क्षणिक शक्तीलाहि ७५० वॅटची मर्यादा असावी. अमेरिकेंत २००२ च्या केंद्रीय कायद्यानें ७५० वॅटांच्या आंत असें म्हटलें. तेथें वॅटसाहेबांचा घोडा अजून लगाम धरून उभा आहे. ब्रिटनमध्यें २५० चे ५०० करावे काय, यावर २०२४ मध्यें सरकारनें लोकांचें मत मागविलें. जड माल व डोंगराळ रस्ते हें त्यामागचें एक कारण होतें. पुढें तो विचार सोडून देण्यांत आला.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या चढाकडे येऊं. हा हिशेब सातवीच्या मुलास येण्याजोगा आहे. गाडी बॅटरीसह ८० किलो, चालविणारा ६० किलो आणि माल १६० किलो, एकूण ३०० किलो धरा. चढ वीस फुटांत एक फूट असा धरा. तेव्हां वजनाचा विसावा भाग, म्हणजे १५ किलो, जणूं दोरीनें सरळ वर ओढावा लागतो. चाकांचें घर्षण चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या शंभराव्या हिश्शाहून थोडें अधिक, म्हणजे साडेतीन किलो. बेरीज साडेअठरा किलो. एक किलो एका सेकंदांत एक मीटर ओढण्यास जवळजवळ १० वॅट लागतात. मनुष्य चालतो त्या वेगानें, तासाला ५ किलोमीटर, ही गाडी चढवावयाची तर २५० वॅट लागतील. १० किलोमीटरनें चढवावयाची तर ५००. आणि १५ किलोमीटरनें चढवूं म्हटलें तर ७५० च्याहि वर. याच्या उलट सपाटीवर तीच गाडी, तोच भार, १५ किलोमीटर वेगानें जावयास वाऱ्याचा अडथळा धरूनहि दोनशें वॅटांच्या आंतबाहेर पुरतात. म्हणून सपाट रस्त्यावर दुकानासमोर फेरी मारून पाहणारास २५० वॅटची मोटर हजार वॅटसारखी भासते. परीक्षा व्हावयाची ती चढावर.

खोक्यावरचे १००० कोठून आले तेंहि आतां सांपडतें. ४८ ला २२ नें गुणा: १०५६. ही मोटरीनें दिलेली शक्ति नव्हे, तर बॅटरींतून जास्तींत जास्त जी वीज तिच्यांत ओतली जाऊं शकते ती. जमाखर्चांत खर्चाचा आंकडा जमेच्या सदरीं लिहावा तशांतला हा प्रकार. चाक भरधाव फिरत असतां त्या विजेचा बहुतेक भाग, शंभरांतले ऐशी म्हणा, गतींत उतरतो. परंतु चाकांतच बसविलेली मोटर चाकाबरोबरच फिरते. चढावर चाक मंदावलें कीं तीहि मंदावते आणि ओतलेल्या विजेपैकीं अर्धी किंवा त्याहून अधिक नुसती उष्णता होते. पाणी तापविण्याची पांचशें वॅटची शेगडी एका बंद डब्यांत कोंडून ठेवावी, तसें त्या मोटरीचें त्या दिवशीं झालें. दुकानदार म्हणाला भार फार झाला. खरें पाहतां १००० वॅट या शब्दावर विसंबणाऱ्याला १६० किलो भार फार कसा वाटावा?

यावर उपाय वॅट वाढविणें हाच आहे असें मात्र नाहीं. शक्ति तीच ठेवून जोर वाढवितां येतो; त्यालाच गिअर म्हणतात. मोटर जोरानें फिरूं द्यावी आणि दांतांच्या चाकांनीं तो वेग कमी करून चाकास द्यावा, म्हणजे ती चढावरहि गुदमरत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं विजेच्या रिक्षेवर काम केलें, तें दिल्लीचा हा गोंधळ होण्याच्या किती तरी आधीं. त्याविषयींचा त्यांचा लेख २००२ मध्यें ‘करंट सायन्स’ या पाक्षिकांत आला. त्यांच्या कामांत मला आवडलेली गोष्ट ही कीं, त्यांनीं नुसती मोटर लावून गाडी बाजारांत ढकलली नाहीं. पायरिक्षेलाच गिअर देऊन ती हलकी चालेल असें केलें, दुसरीस मोटरीची थोडी मदत दिली, आणि मग पूर्ण विजेची तिसरी केली. ओढणाऱ्या मनुष्याच्या श्रमापासून हिशेब सुरू केला म्हणजे यंत्र आपोआप खरें बोलूं लागतें, असें तो लेख वाचतांना मला वाटलें. इंजिनिअर लोक माझ्या या भाबडेपणास हंसतील, हंसोत.

चार दिवसांनीं विद्यार्थी आला तेव्हां आम्हीं दोघांनीं मिळून दुकानदारास एक पत्र लिहिलें. त्यांत रागाचा एकहि शब्द नव्हता, फक्त प्रश्न होते. या मोटरीची तीस मिनिटांची शक्ति किती? ती कोणत्या परीक्षण-संस्थेनें तपासली, आणि त्या दाखल्याची प्रत मिळेल काय? खोक्यावरचे १००० वॅट हे बॅटरींतून घेतलेले कीं चाकाला दिलेले? किती चढावर किती किलो भार नेण्याजोगी ही गाडी आहे? आणि शेवटीं, पावतीवरचा २५० हा आंकडा खरा असेल तर खोक्यावरच्या आंकड्यानें गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली, व खोक्यावरचा खरा असेल तर नोंदणी नको हें सांगणें चूक. यांपैकीं आपणांस कोणतें मान्य आहे? हें पत्र पोंच घेऊन द्यावें आणि प्रत जपून ठेवावी, कारण ग्राहक आयोगापुढें जाण्याची पाळी आली तर तीच कामास येते, असें मीं त्यास बजावलें.

पत्राचें उत्तर आलें नाहीं. आठव्या दिवशीं दुकानांतून बोलावणें मात्र आलें. हमी लागू नाहीं हें पालुपद तेथें पुन्हां झालें, पण नवी मोटर अर्ध्या किमतींत देऊं असेंहि सांगण्यांत आलें. माझा विद्यार्थी त्यांच्याकडची मोटर घेण्यास तयार नव्हता. त्यानें अर्धी किंमत रोख मागितली. पुष्कळ घासाघीस होऊन ती मिळाली. तिच्यांत आणखी भर घालून त्यानें दाखल्याची प्रत देणाऱ्या दुसऱ्या एका विक्रेत्याकडून गिअरची मोटर व कमी अँपिअरचा कंट्रोलर बसवून घेतला. पुण्याच्या पुतण्यानें एक लहानसें मीटर पाठविलें; तें हँडलापाशीं बसविलें असून बॅटरींतून कोणत्या क्षणीं किती वॅट जातात तें त्यावर दिसतें. माल आतां एका खेपेऐवजीं दोन खेपांत येतो. संध्याकाळीं त्याला घरीं जावयास अर्धा तास उशीर होतो, आणि मालक त्याबद्दल कुरकुरतो.

परवां आमच्याकडे तांदळाचें पोतें घेऊन आला. धाकटी सून दार उघडीपर्यंत तो रुमालानें घाम पुशीत होता. मी ओटीवरच बसलों होतों. विचारण्यापूर्वींच त्यानें हँडलाकडे बोट दाखविलें.

“चारशें वीस, मास्तर. नऊ मिनिटें,” तो म्हणाला, आणि पोतें खांद्यावर घेऊन आंत गेला.